जळजळ झाली म्हणजे औषध लागू पडलं, असं नाही

फोंड्याहून एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

"ताई, माझं वय ३१. रोज स्कूटरने पणजीला ऑफिसला जाते. गालांवर आणि हनुवटीवर मुरुमांचे काळे डाग राहिलेत, नाकावर ब्लॅकहेड्स आहेत. माझा भाऊ बोटीवर कामाला असतो. जूनमध्ये सुट्टीवर आला तेव्हा त्याने ग्लायकोलिक अ‍ॅसिडची बाटली आणून दिली, १० टक्क्यांची. मैत्रीण म्हणाली, जळजळलं तर घाबरू नकोस, ते काम करतंय म्हणूनच जळतं. मी दोन आठवडे रोज रात्री लावलं. आता चेहरा लाल आणि ताणल्यासारखा झालाय, साधं पाणी लागलं तरी झोंबतं, आणि डाग आधीपेक्षा काळे दिसतात. सासूबाई म्हणतात, ती बाटली ठेव बाजूला आणि बेसन-लिंबू लाव. शेजारची एक जण औषधांच्या दुकानातून कसलीशी क्रीम आणते, तिचे डाग आठ दिवसांत गेले. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तीन आठवड्यांवर आलीय, घर पाहुण्यांनी भरणार. आपल्या त्वचेला अ‍ॅसिड चालतच नाही का? सौम्य अ‍ॅसिड म्हणतात ते कोणतं? आणि ही बाटली टाकून देऊ का? भावाने प्रेमाने आणलीय, जीवावर येतं."

आधी आजचं बघू. ती बाटली आज रात्रीपासून कपाटात जाऊ दे. टाकू नकोस, तिचं काय करायचं ते पुढे सांगते, पण चेहऱ्याला तिचा थेंबही नको. तिच्याबरोबर व्हिटॅमिन सी, रेटिनॉल, स्क्रब, फेसपॅक असं काही चालू असेल तर तेही बंद. पार्लरमध्ये चवथीआधीच्या फेशियलची आणि ब्लीचची वेळ घेतली असशील तर ती आजच रद्द कर. साधं पाणी झोंबतंय याचा अर्थ त्वचेचा सगळ्यात वरचा थर, जो आतला ओलावा आत धरून ठेवतो आणि बाहेरचं बाहेर अडवतो, तो जागोजाग विरलाय. तो परत नीट बसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. चवथीपर्यंत डाग जाणार नाहीत, हे आत्ताच मनाशी धर. पण लाली आणि झोंबणं तेवढ्यात बरंच उतरू शकतं, आणि तेवढं झालं तरी आरशात खूप फरक दिसेल.

सकाळी फक्त पाण्याने तोंड धू. रात्री फेस न होणारा, वासाचा नसलेला सौम्य क्लेंझर वापर. अंगाचा साबण चेहऱ्याला नको. पीएच म्हणजे आम्लता मोजायचा आकडा, जितका कमी तितकं अ‍ॅसिड तीव्र. नेहमीच्या वडीसाबणाचा पीएच ९ ते १० असतो आणि आपल्या त्वचेचा साधारण ५, म्हणजे त्वचा मुळात थोडी आम्लधर्मी असते आणि साबण तिला उलट्या दिशेला ओढतो. चेहरा पुरता कोरडा व्हायच्या आत ग्लिसरीन आणि सेरामाइड असलेलं मॉइश्चरायझर लाव. जिथे साल निघतेय, नाकपुड्यांच्या कडेला, ओठांच्या कोपऱ्यांत, तिथे त्यावर पेट्रोलियम जेलीचं अगदी पातळ बोट. पावसाळ्यात एवढी दमट हवा असताना क्रीम कशाला, असं तुला वाटेल. औषधांच्या दुकानाच्या काउंटरवर हा प्रश्न मला ऑगस्टमध्ये हमखास ऐकू येतो. घाम आणि दमट हवा त्वचेवर बसतात, पण फाटक्या थरातून आतलं पाणी उडून जायचं ते थांबत नाही. जेलसारखं हलकं घे, पण घे.

पाण्याचे फोड आले, लस वाहायला लागली, डोळ्यांभोवती सूज आली तर मात्र घरी काहीच करत बसू नकोस. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात त्वचारोगाची ओपीडी आहे, तिथे जा, आणि जाताना बाटली बरोबर ने.

आता तुझ्या मैत्रिणीच्या त्या वाक्याबद्दल. "जळतंय म्हणजे काम करतंय." माझं सगळं उत्तर खरं तर या एका वाक्याच्या विरुद्ध आहे, कारण आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेचं सर्वांत जास्त नुकसान याच समजुतीने होतं.

मार्च-एप्रिलमध्ये ओले काजूगर सोलणाऱ्या बायकांचे हात तू पाहिले असशील. हाताला तेल किंवा राख चोळून बसतात, तरी कुठेतरी टरफलातला चीक लागतोच. लागला तिथे आधी आग, मग फोड नाहीतर साल, आणि चार-आठ दिवसांनी तिथे काळा डाग. जखम भरून जाते, डाग मात्र पुढचा पाऊस येईपर्यंत राहतो. चीक काही काळ्या रंगाचा असतो म्हणून तो डाग पडत नाही. त्वचेला दाह झाला की तिच्यातल्या रंगपेशी चेतवल्या जातात आणि मेलॅनिन जास्त बनवतात, ते तिथे साठतं. आपल्या त्वचेत या पेशी मुळातच जास्त कामसू असतात, म्हणून युरोपातल्या बाईला जिथे नुसती लाली येऊन जाते तिथे आपल्याला तपकिरी ठसा उरतो.

तुझे मूळ डाग याच वाटेने आले. मुरूम आला, सुजला, कदाचित तू तो फोडलास, दाह झाला, डाग राहिला. मग त्या डागावर तू रोज रात्री जे लावलंस त्याने पुन्हा दाह झाला. डाग काळे झाले त्याचं कारण एवढंच आहे. अ‍ॅसिड तुझ्या त्वचेला "चालत नाही" असं यातून सिद्ध होत नाही. जास्त झालं आणि फार वेळा झालं, एवढंच सिद्ध होतं.

अ‍ॅसिड नेमकं करतं काय, ते समजून घे म्हणजे पुढचं सोपं जाईल. त्वचेच्या अगदी वर मेलेल्या पेशींचे पातळ पापुद्रे असतात. खालून नव्या पेशी वर सरकत येतात आणि वरच्या झडतात. तरुणपणी हे चक्र साधारण चार आठवड्यांचं, वय वाढतं तसं लांबत जातं. या पेशी एकमेकींना धरून असतात. सौम्य अ‍ॅसिड हे धरणं थोडं सैल करतं, त्यामुळे झडायला आलेल्या पेशी वेळेवर झडतात आणि त्यांच्याबरोबर वरवरचा रंगही थोडा थोडा जातो. १९७४ साली यूजीन व्हॅन स्कॉट आणि रुई यू या दोघांनी अमेरिकेत हे पहिल्यांदा नीट मांडलं, आणि त्यांच्यासमोर होते इक्थिओसिसचे रुग्ण, ज्यांच्या अंगावर माशाच्या खवल्यांसारखे जाड पापुद्रे साचतात. ज्यांची त्वचा झडतच नाही त्यांच्यासाठी सुरू झालेला उपचार आहे हा. तुझी त्वचा झडते आहे. तिला किंचित मदत पुरते.

आता बाटलीवरच्या आकड्याचं. १० टक्के हा आकडा ऐकायला लहान वाटतो. पण अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने घरगुती वापरासाठी या गटातल्या अ‍ॅसिडची वरची मर्यादाच १० टक्के धरली आहे, तीही पीएच ३.५ च्या खाली जायचा नाही या अटीवर. युरोपातल्या समितीने ग्लायकोलिकसाठी ४ टक्के आणि पीएच किमान ३.८ असं आणखी खाली सुचवलं होतं. म्हणजे तू सुरुवातच शेवटच्या पायरीवरून केलीस, आणि रोज.

शिवाय नुसत्या टक्क्यावरून पुरतं कळत नाही. अ‍ॅसिडचा जो भाग मोकळा असतो तोच त्वचेत काम करतो, आणि किती भाग मोकळा राहील ते पीएच ठरवतो. ग्लायकोलिकच्या १० टक्क्यांच्या बाटलीचा पीएच ३.८ असेल तर जवळजवळ अर्धं, म्हणजे ५ टक्के, मोकळं असतं. तीच बाटली पीएच ४.८ ची असेल तर जेमतेम १ टक्का. दोन बाटल्यांवर एकच आकडा आणि जोरात पाचपट फरक! म्हणून "माझी चुलतबहीण १० टक्क्यांचं रोज लावते, तिला काही होत नाही" या बोलण्याला अर्थ नसतो. तिची बाटली वेगळी, तिची त्वचा वेगळी.

आणि तिसरी गोष्ट, कणाचा आकार. सौम्य अ‍ॅसिड कोणतं या तुझ्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं यात आहे. उसात सापडणारं ग्लायकोलिक या कुटुंबात सर्वांत लहान, म्हणून ते भराभर आणि खोल शिरतं. दुधा-दह्यातलं लॅक्टिक त्याच्यापेक्षा थोडं मोठं, शिवाय ते त्वचेत पाणी धरून ठेवायला मदत करतं. कडू बदामातून पहिल्यांदा काढलेलं मँडेलिक ग्लायकोलिकच्या दुप्पट वजनाचं, सावकाश शिरतं, म्हणून सावळ्या त्वचेला बहुतेक वेळा ते जास्त मानवतं. त्याहून संथ म्हणजे ग्लुकोनोलॅक्टोन आणि लॅक्टोबायोनिक, ज्यांना पीएचए म्हणतात. ती इतकी हळू आत जातात की नाजूक त्वचेलाही फारशी टोचत नाहीत. परिणामही अर्थात हळू. आता बाजारात हे सगळं कारखान्यात बनवलेलं येतं. डबीवर उसाचं किंवा बदामाचं चित्र पाहून जास्त पैसे मोजू नकोस.

सॅलिसिलिक या सगळ्यांपेक्षा निराळं. बाकीची पाण्यात विरघळतात, हे तेलात मिसळतं, म्हणून तेलाने भरलेल्या रंध्रांत उतरतं. तुझ्या नाकावरच्या ब्लॅकहेड्ससाठी तेच योग्य, अर्धा ते २ टक्के. पण नाकापुरतं. गालांवर पसरवायची गरज नाही. आणि अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल तर ते नकोच.

सासूबाईंच्या बेसन-लिंबाकडे येते. त्यांच्या बोलण्यातला अर्धा भाग बरोबर आहे: बाटली बाजूला ठेव. दुसरा अर्धा मला मान्य नाही, आणि तू त्यांना हे समजावून सांगावंस असं मला मनापासून वाटतं, कारण पत्र तुझं असलं तरी हा लेप आपल्याकडे घरोघरी लागतो. लिंबाच्या रसाचा पीएच २ ते २.५. तुझ्या बाटलीहून तो कितीतरी तीव्र, आणि त्यात किती अ‍ॅसिड आहे ते लिंबागणिक बदलतं. दुसरं, लिंबाच्या सालीत आणि रसात फ्युरोकुमॅरिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखी प्रतिक्रिया येते आणि मागे तपकिरी डाग राहतो. किनाऱ्यावर उन्हात बसून लिंबू पिळणाऱ्यांच्या हातांवर ओघळांच्या आकाराचे डाग येतात ते यामुळेच. अंगावर येतात ते चेहऱ्यावरही येतात. बेसनाचा दोष एवढाच की ते वाळल्यावर आपण चोळून काढतो. झोंबणाऱ्या त्वचेला चोळणं म्हणजे पुन्हा तोच दाह. दिवाळीच्या पहाटे अंगाला उटणं लाव, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. चेहऱ्याला आणि आत्ता, नको. घरच्या खोबरेल तेलाचंही तेच: कोपरांना, पायांना उत्तम, पण मुरूम येणाऱ्या चेहऱ्यावर रंध्रं बुजवतं.

शेजारणीच्या क्रीमबद्दल मात्र मला काळजी वाटते. आठ दिवसांत डाग घालवणारी, औषधांच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळालेली क्रीम म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर एकच प्रकार येतो: स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन यांचं मिश्रण. डॉक्टर हे ठरावीक आठवड्यांपुरतं, लक्ष ठेवून देतात आणि तेव्हा ते औषध असतं. महिनोन्महिने स्वतःच्या मनाने लावलं की त्वचा पातळ होते, गालांवर लाल बारीक शिरा दिसायला लागतात, हनुवटीवर केस वाढतात, आणि बंद केल्यावर लाली आणि पुटकुळ्या दुप्पट जोराने परत येतात, म्हणून बाई पुन्हा तीच ट्यूब आणते. त्वचेला लावायच्या बऱ्याच स्टेरॉइडांना २०१८ साली केंद्र सरकारने चिठ्ठीवरच विकायच्या यादीत घातलं, ते या प्रकारांमुळेच. मी स्वतः काउंटरवर उभी असते, म्हणून सांगते: अशी ट्यूब मागितल्यावर "नाही" म्हणणाऱ्या दुकानदारावर रागावू नकोस. आणि शेजारणीला ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचायला सांग. त्यात बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसलं तर तिने एकदम बंद न करता डॉक्टरांना दाखवून मग सोडावी.

आता चवथीनंतरचं. घाई करू नकोस, पाहुणे जाऊ देत, जागरणं संपू देत. पाणी झोंबत नाही, क्रीम लावल्यावर चुणचुणत नाही, साल निघत नाही, असे सलग दोन आठवडे गेले की मगच पुन्हा अ‍ॅसिडचा विचार कर.

तुझ्यासाठी मी मँडेलिक किंवा लॅक्टिक सुचवेन, ५ टक्के. दोन्हींपैकी एक. गाल अजून हळवे वाटत असतील तर त्याआधी महिनाभर ग्लुकोनोलॅक्टोन. पहिल्यांदा कानामागे किंवा जबड्याच्या कडेला रुपयाएवढ्या जागेवर तीन रात्री लावून बघ. काही झालं नाही तर आठवड्यातून एक रात्र ठरव, समज रविवार. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ दे, ओल्या त्वचेत अ‍ॅसिड जास्त जोराने शिरतं. नाकाच्या कडा, ओठांचे कोपरे, डोळ्यांखालचा भाग यांना आधी पेट्रोलियम जेली. मग वाटाण्याएवढं घेऊन गाल आणि हनुवटीवर. सुरुवातीला दहा मिनिटांनी धुऊन टाकलंस तरी चालतं, त्यातही उपयोग होतो. वरून मॉइश्चरायझर. चार रविवार असे सुखाने गेले तर रात्रभर ठेव, आणि आणखी महिन्याने वाटलं तर आठवड्यातून दोनदा. त्याच्या पुढे जायचं कारण मला तरी दिसत नाही.

लावल्यावर मिनिटभर किंचित मुंग्या आल्यासारखं वाटणं ठीक. पाच मिनिटांनंतरही झोंबत असेल तर धू, आणि पुढची पाळी चुकव. सकाळी चेहरा आरशासारखा चकचकीत आणि ताणलेला दिसला तर ते तेज नव्हे. तो थर पुन्हा पातळ होत असल्याची खूण आहे. दोन आठवडे तू हीच चमक बघत होतीस आणि बहुधा कोणीतरी "छान दिसतेस" म्हणालंही असेल. ज्या रात्री अ‍ॅसिड त्या रात्री रेटिनॉल किंवा बेंझॉइल पेरॉक्साइड नको. थ्रेडिंग, वॅक्सिंगच्या आधी आणि नंतर तीन-चार दिवस नको. बाळाचा विचार चालू असेल तर रेटिनॉल पूर्ण बंद, सॅलिसिलिकचे पील (साल काढणारे जोरदार उपचार) नकोत. बाकी सौम्य अ‍ॅसिडं बहुतेक चालतात, तरी आपल्या डॉक्टरांना एकदा विचार.

डागांसाठी आणखी एक नाव लक्षात ठेव: अझेलेइक अ‍ॅसिड. ते वरच्या सगळ्या कुटुंबातलं नाही, पापुद्रे काढण्यापेक्षा रंग बनण्याच्या क्रियेवर आणि मुरुमांवर काम करतं. आपल्याकडे १० आणि २० टक्क्यांत मिळतं, गरोदरपणातही डॉक्टर ते देतात. सुरुवातीला खाजवल्यासारखं होतं, म्हणून १० टक्क्यांपासून. खरं सांगायचं तर तुझे डाग पाहून एखाद्या चांगल्या डॉक्टरांनी मँडेलिकऐवजी हेच दिलं तर मला आश्चर्य वाटणार नाही.

किती वेळ लागेल? खिडकीजवळ उजेडात डागांचा रंग बघ. तपकिरी असतील तर रंग वरच्या थरात आहे. तीन ते सहा महिन्यांत चांगले फिके होतात. पाटीसारखे निळसर-करडे असतील तर रंग खाली उतरलाय, तिथे घरचं कुठलंही अ‍ॅसिड पोचत नाही, त्याला वर्षही लागतं. खड्डे असतील तर ते अ‍ॅसिडने भरत नाहीत. दर महिन्याला त्याच खिडकीत, त्याच वेळी एक फोटो काढ. रोज आरशात बघून काही कळत नाही, जीव मात्र खालीवर होतो.

आणि आता ऊन. हा भाग वाचून सोडून देऊ नकोस, कारण याच्याशिवाय वरचं सगळं वाया जातं. ग्लायकोलिक, लॅक्टिक यांच्यासारखी अ‍ॅसिडं लावली की त्वचा उन्हाला जास्त हळवी होते, आणि लावणं थांबवल्यावरही आठवडाभर ती तशीच असते. म्हणून एफडीए या अमेरिकेच्या औषध नियंत्रक संस्थेने २००५ साली अशा उत्पादनांवर तशी सूचना छापण्याची शिफारस केली. तिकडे ही सूचना आणि इकडे तू फोंडा ते पणजी स्कूटरवर.

पावसाळ्यात ऊन कुठे असतं, असं म्हणशील. गोव्यात सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, एकदा मेच्या सुरुवातीला आणि एकदा १० ऑगस्टच्या आसपास. म्हणजे तू पत्र लिहिलंस त्या दिवसांत ढगांच्या मागे तो माथ्यावरच होता, आणि पातळ ढगांतून अतिनील किरण बऱ्यापैकी खाली येतात. अंगाला चटका बसत नाही म्हणून आपण गाफील राहतो.

एसपीएफ ३० किंवा ५०, चेहरा आणि मान मिळून तर्जनी आणि मधलं बोट भरेल एवढं. बहुतेक जणी याच्या तिसऱ्या हिश्शाएवढंच लावतात आणि मग सनस्क्रीन कुचकामी म्हणतात. सकाळी निघायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी. ऑफिसात खिडकीपासून लांब बसत असशील तर दुपारी सोडून दे, पण संध्याकाळी परत निघताना सूर्य अजून वर असेल तर पुन्हा लाव. घामाने, पावसाने धुऊन गेलं तर पुन्हा. हेल्मेटची पारदर्शक काच अतिनील किरण बरेच अडवते, पण उजेड आत येतोच, आणि सावळ्या त्वचेत नुसत्या दृश्य उजेडानेही डाग गडद होतात. त्यासाठी त्वचेच्या रंगाचं, आयर्न ऑक्साइड घातलेलं सनस्क्रीन मिळतं. तुझ्या डागांना तेच बरं. नाहीतर काचेच्या आत सुती ओढणी, घट्ट विणीची, रोज धुतलेली. तीच ओढणी आठवडाभर घामेजलेली बांधली की हनुवटीवर नवे मुरूम येतात, आणि तुझे हनुवटीवर आहेत म्हणून मुद्दाम लिहिलं.

सनस्क्रीन महाग पडतं, हे मला माहीत आहे. दोन्ही परवडत नसेल तर अ‍ॅसिड सोड आणि सनस्क्रीन घे. नुसतं ऊन टाळलं आणि नवे मुरूम फोडले नाहीत तरी तपकिरी डाग आपोआप फिके होतात, फक्त सावकाश. सनस्क्रीनशिवाय अ‍ॅसिड लावण्यापेक्षा अ‍ॅसिड न लावणं कधीही बरं.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडं, कारण काळं दिसलं की सगळेच अ‍ॅसिड शोधतात. दोन्ही गालांवर, कपाळावर सारख्या आकाराचे पसरलेले चट्टे म्हणजे वांग असतो. त्याला अ‍ॅसिड चेतवू शकतं, आधी डॉक्टर. छातीवर, पाठीवर फिकट किंवा तपकिरी ठिपके, वरून भुरभुरीत, ते शिबं, बुरशीचं, त्याला बुरशीचंच औषध. कपाळावर आणि पाठीवर एकसारख्या बारीक, खाजणाऱ्या पुटकुळ्या आपल्या दमट हवेत अनेकांना येतात. त्याही पुष्कळदा बुरशीच्याच असतात, मुरुमांच्या औषधांनी जात नाहीत. आणि मान काळी, जाडसर, मखमलीसारखी लागत असेल तर घासत बसू नका, रक्तातली साखर तपासून घ्या. मुलींच्या मानेवर घासणी फिरवणाऱ्या आयांना हे मी पुनःपुन्हा सांगते. तो मळ नसतो.

राहिली भावाची बाटली. झाकण घट्ट बसत असेल आणि मुदतीतली असेल तर टाचा आणि कोपरांसाठी ठेव. तिथली कातडी जाड असते, तिला १० टक्के झेपतं. रात्री पाय धुऊन, कोरडे करून टाचांना लाव, वरून पेट्रोलियम जेली किंवा युरिया असलेली क्रीम, आणि सुती मोजे. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. भेगांतून रक्त येत असेल किंवा साखरेचा आजार असेल तर लावू नकोस. बाथरूमच्या खिडकीत ठेवू नकोस, तापते. आणि भाऊ पुढच्या सुट्टीत काय आणू विचारेल तेव्हा त्याला सनस्क्रीन आणायला सांग, एसपीएफ ५० चं, तुझ्या रंगाचं.